ब्रेक ऑइल इंजिनात ओतू नका, प्लीज

रविवारी सकाळी कळव्याला बाबांकडे गेलो तर बाबा बोनेट उघडून उभे, हातात ब्रेक ऑइलची बाटली. त्यांच्या ग्रुपवर मेसेज आलेला, "जुन्या गाडीचं ऑइल लीक रिपेअर करू नका, मेकॅनिक लुटतात", आणि खाली चार मुद्दे. तोच मेसेज नंतर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला म्हणून लिहितोय.

पहिला मुद्दा, पंधरा वर्षांनी गाडी भंगारातच जाणार, खर्च कशाला. चूक. तो नियम दिल्ली-एनसीआरचा. आपल्याकडे 15 वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून, ग्रीन टॅक्स भरून आरसी 5 वर्षांनी वाढवून मिळते. बाबांची गाडी 2009 ची आहे, 2024 ला ठाणे आरटीओत पासिंग झालं, 2029 पर्यंत चालणार आहे.

दुसरा, जाड ऑइल टाका, 20डब्ल्यू50 (ऑइलच्या जाडीचा ग्रेड), लीक थांबतं. मॅन्युअल उघडा ना राव, ग्लव्हबॉक्समध्येच असतं! बाबांच्या मॅन्युअलमध्ये हवामानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता आहे आणि त्यात 20डब्ल्यू50 नाहीच. तक्त्यात बसत असेल तर एक पायरी जाड घ्या, झिजलेल्या इंजिनात थोडा फरक पडतो, एवढं मान्य. पण फाटलेलं पॅकिंग (दोन भागांच्या सांध्यातली गॅस्केट) त्याने शिवलं जात नाही.

तिसरा, आणि याच्यासाठीच मी तडकलोय: "100 मिली ब्रेक ऑइल इंजिन ऑइलमध्ये टाका, सील फुगतात, लीक बंद." सील (ऑइल आत अडवणाऱ्या रबरी रिंगा) फुगतात हे खरं आहे आणि घोळ तिथेच आहे. ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल, डॉट 3, डॉट 4 हे ग्लायकॉलवाले केमिकल आहे, पत्र्यावर सांडलं तर रंग सोलून काढतं. ब्रेकमधलं रबर त्यासाठीच बनवलेलं असतं, इंजिनातली सीलं नाहीत, ती आधी फुगतात, मग मऊ पडून लिबलिबीत होतात, म्हणजे पंधरा दिवस कोरडं दिसणार आणि नंतर आधीपेक्षा जास्त गळणार. वर ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि इंजिन ऑइलमध्ये नीट मिसळतही नाही, आणि इंजिनाच्या फिरत्या भागांच्या बेअरिंगला वंगण द्यायचं काम त्या इंजिन ऑइलचंच आहे. थेंबभर गळतीसाठी अख्खं इंजिन पणाला लावायचं?

चौथा, "फक्त टॉप अप करत राहा." हा अर्धा खरा आहे, नाइलाजाने कबूल करतो. नुसता ओलसरपणा असेल, खाली थेंब पडत नसेल तर पुसून ठेवा, दर आठवड्याला डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा, बस. गळती क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलची असेल तर त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरीच जास्त, तिथे थोड्या पाझरासाठी मीही थांबेन, फक्त ते ऑइल क्लचवर जाऊन क्लच स्लिप होतोय का बघत राहीन. पण ऑइल पडतंय कुठे हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. बाबांच्या गाडीखाली रात्री पुठ्ठा टाकला, सकाळी इंजिनाच्या बाजूला चार आण्याएवढे तीन डाग. वर बघितलं तर टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) कडेने ओघळ सरळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांवर). घोडबंदरला गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये एसीतून जळका वास येतो म्हणून आई महिनाभर सांगत होती तो हाच, आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर ऑइल पडत राहिलं तर आगही लागू शकते.

सोमवारी टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ-गॅस बाहेर सोडणारी झडप) चोक झाला होता तोही साफ करून घेतला (तो बंद असला की आतलं प्रेशर ऑइल बाहेर ढकलतं, नवं पॅकिंगही टिकत नाही). मजुरी धरून हजाराच्या आत काम झालं.

आणि कोणी ऑलरेडी ब्रेक ऑइल ओतलं असेल तर गाडी स्टार्ट करू नका, टो करून न्या, सगळं ऑइल काढून फिल्टरसकट बदला.