खुलासा : ‘११४ टक्के कार्यक्षम’ सौरघट म्हणजे फुकटची वीज नव्हे

‘नॅनोकणांच्या सौरघटाने ११४ टक्के कार्यक्षमता गाठली, जेवढी ऊर्जा आत गेली त्याहून जास्त वीज बाहेर आली,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. आकडा खरा आहे. अर्थ मात्र साफ चुकीचा लावलाय.

प्रयोग २०११चा, अमेरिकेतल्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेतला, लेड सेलेनाइडच्या क्वांटम डॉट्सच्या (म्हणजे याच नॅनोकणांच्या) पातळ थरावरचा. ११४ टक्के ही क्वांटम कार्यक्षमता: शंभर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पडले तर इलेक्ट्रॉन किती मिळाले, एवढीच मोजदाद. तीही अतिनील टोकाजवळच्या प्रकाशापुरती. तिथला एक फोटॉन तीनएक इलेक्ट्रॉन-व्होल्टचा (हे ऊर्जेचं छोटं एकक). एक इलेक्ट्रॉन सुटायला याहून बरीच कमी ऊर्जा पुरते, उरलेली एरवी उष्णता होऊन वाया जाते. या कणांत त्या शिलकीतून कधीकधी दुसरा इलेक्ट्रॉन सुटतो. मोठी नोट मोडली की हातातल्या नोटा वाढतात, पैसे तेवढेच राहतात!

ऊर्जेच्या हिशेबाने तोच घट ५ टक्क्यांच्या आसपास होता. तरी हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण एकथरी घटाची सुमारे ३३ टक्क्यांची सैद्धांतिक मर्यादा ओलांडायची एक वाट त्यातून दिसते.

प्रकाशसंवेदकांचे असे आकडे तर आणखी जपून वाचावेत. तिथे बहुधा बाहेरून व्होल्टेजही दिलेलं असतं, त्यामुळे जादा इलेक्ट्रॉन त्याच्या जोरावर आलेले असू शकतात.