कंबर दाबून 'बैठ'? काकांच्या कमेंटला माझं उत्तर

काका नमस्कार, तुमची कमेंट मोठी होती म्हणून उत्तरही सविस्तर देतेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की खाऊ दाखवून बसवलेला कुत्रा खाऊ असेपर्यंतच ऐकतो, तुमच्याकडे गावाला कंबर दाबून 'बैठ' म्हटलं की कुत्री गपचूप बसायची, आणि सरळ बसलाय की तिरका ही नुसती फ्लॅटवाल्यांची हौस. तुम्ही आयुष्यभर कुत्री सांभाळलीत, त्यामुळे तुमचं बोलणं मी उडवून लावणार नाही, पण तिन्ही बाबतीत माझं मत वेगळं आहे.

कंबरेचं आधी बोलते कारण मला तेच जास्त लागलं. पिल्लाला वरून दाबलं की ते तोल सावरायला उलट वर रेटतं, आपण अजून दाबतो, ते अजून रेटतं आणि शेवटी कसंतरी पाय फाकवून खाली बसतं. मागचे पाय स्वतःहून पोटाखाली घेऊन बसायचं हे त्यातून ते शिकतच नाही. शिवाय चार-पाच महिन्यांच्या पिल्लाची हाडं अजून वाढत असतात, सांधे कच्चे असतात, तिथे जोर लावायचाच कशाला? अमेरिकेतल्या प्राण्यांच्या वागणुकीवर काम करणाऱ्या व्हेट डॉक्टरांची एव्हीएसएबी नावाची संघटना आहे, त्यांनीही २०२१ मध्ये स्पष्ट म्हटलंय की शिकवताना बक्षीस देण्याचीच पद्धत वापरा, शिक्षेची आणि जबरदस्तीची नको.

आता खाऊ. उकडलेल्या चिकनचा नाहीतर पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा पुरतो. तो नाकाच्या अगदी जवळ धरायचा आणि हळूच डोक्यावरून मागे न्यायचा, मान वर गेली की बूड आपोआप खाली येतं. हात उंच गेला की पिल्लू उडी मारतं, फार मागे नेला की ते मागे मागे सरकत जातं, म्हणजे चूक बहुतेक वेळा हाताची असते. बूड टेकलं त्याच क्षणी 'शाब्बास', आणि तुकडा तोंडाच्या उंचीलाच द्यायचा, बूड जमिनीवर असतानाच, वरून दिलात तर ते उठून घेणार आणि मग उठण्याचंच बक्षीस मिळालं ना! काही वेळा जमलं की तीच हालचाल रिकाम्या हाताने करायची आणि खाऊ दुसऱ्या हातातून, मग कधी द्यायचा कधी नाही, आणि हळूहळू खाऊच्या जागी दार उघडणं, पट्टा लावणं, खाली फिरायला जाणं. आमची चिंगी आता लिफ्टसमोर बसते ती खाऊसाठी नाही, बसल्याशिवाय लिफ्टमध्ये शिरायला मिळत नाही म्हणून. आमच्या मजल्यावर एक लहान मुलगी कुत्र्यांना खूप घाबरते, चिंगी बसलेली दिसली की ती आता आईचा हात सोडून आत येते. घोडबंदर रोडच्या या टॉवरांमध्ये, जिथे दहा घरांना मिळून दोन लिफ्ट, तिथे कुत्र्याने नीट बसणं ही मला हौस वाटत नाही, शेजारधर्म वाटतो.

आणि फरशी!! गावाला अंगण होतं, माती होती, पंजा रुतायचा. इथे घरभर गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, त्यावर पिल्लू बसायला गेलं की मागचे पंजे दोन्हीकडे सरकतात, म्हणून ते एका कुशीवर कलंडतं आणि आपण म्हणतो आळशी आहे. जुना योगा मॅट किंवा रबरी पायपुसणं टाकून बघा, पुष्कळ पिल्लं तिथल्या तिथे सरळ बसतात. तरी कलंडत असेल तर ज्या बाजूला कलंडतं ती बाजू भिंतीला लागून ठेवून बसवायचं. पावसाळ्यात ओल्या लॉबीत 'बैठ' म्हटल्यावर नाही बसलं तर ओरडू नका, त्याला घसरायची भीती वाटते.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की नातवाचा आठ महिन्यांचा लॅब कायम डाव्या कुशीवरच बसतो "म्हणून काय बिघडलं". काका, माझ्या मते तुमच्या कमेंटमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे. लहान पिल्लू तिरकं बसतं ते बऱ्याचदा स्नायूंत ताकद आली की जातं, पण आठव्या महिन्यातही नेहमी एकाच बाजूला बसत असेल तर व्हेटला खुबे दाखवा. लॅब, जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार, हिप डिस्प्लेशिया, पुष्कळ दिसतो, तो आनुवंशिक असतो आणि वजन वाढलं की त्रासही वाढतो. असेलच असं मी म्हणत नाहीये. फक्त बघा की तो पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलतो का, जिना चढायला कां-कूं करतो का, झोपेतून उठताना अडखळतो का. तोवर त्याला कंबर दाबून बसवू नका, प्लीज. आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी बसतानाचा, उठतानाचा आणि पळतानाचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, मागून आणि बाजूने, कारण क्लिनिकमध्ये घाबरून कुत्री वेगळीच वागतात.