‘मूळ उपासना’ नेमकी कोणत्या सालची?

गेल्या पावसाळ्यापासून एक लांबलचक मजकूर मराठी ख्रिस्ती घराघरांतल्या फोनवर फिरतो आहे. माझ्याकडे तो चार वेगवेगळ्या ग्रुपांवरून आला, आणि पाचव्यांदा माझ्या सख्ख्या मामांनी ‘शंभर टक्के खरं’ असं वर लिहून पाठवला. आशय असा: बापजाद्यांनी दिलेली उपासना दोन हजार वर्षं जशीच्या तशी चालत आली आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत बिघडली. गिटार-ड्रमने पावित्र्य घालवलं. टाळ, समई, आरती हे तर दुसऱ्यांचं उचललेलं. शास्त्राची, म्हणजे बायबलची, नवी भाषांतरं म्हणजे वचनात ढवळाढवळ. बायका पुलपिटावर, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावर, चढल्या. आणि या सगळ्यामुळे तरुण चर्च सोडून चालले. शेवटी ‘मूळ उपासना वाचवा’ आणि दहा जणांना पुढे पाठवा.

मी तो पुढे पाठवला नाही. मी नगर जिल्ह्यातल्या आमच्या चर्चमध्ये वीसेक वर्षं पेटी वाजवतो. जुनी गीतं माझ्या बोटांत आहेत, त्यांच्यावर माझा जीव आहे. म्हणूनच हा मजकूर वाचून गप्प बसवत नाही.

पहिला दावा सगळ्यात मोठा, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो. ‘दोन हजार वर्षं जशीच्या तशी.’

पहिल्या शतकातले विश्वासणारे घराघरांत जमून भाकर मोडत होते. ना बाक, ना पुलपिट, ना घंटा. प्रेषितांच्या कृत्यांचा 15 वा अध्याय उघडून पाहा. यहुदी नसलेल्यांनी सुंता करून घ्यायची की नाही, यावर यरुशलेमेत वाद झाला आणि वडीलमंडळींनी ठरवलं की हे ओझं त्यांच्यावर नको. ज्या प्रथेला अब्राहामापासूनचा आधार होता, ती त्यांनी नव्या माणसांसाठी बाजूला ठेवली. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, इतिहासातला हा पहिला मोठा बदल, आणि तो खुद्द प्रेषितांनी केला. रोममधली उपासनासुद्धा आधी ग्रीकमध्ये होती, लॅटिन नंतर आली. का आली? तर लोकांना ग्रीक कळेनाशी झाली.

आता आपल्या घरचं बघू. नगर भागातल्या बऱ्याच मंडळ्यांची मुळं अमेरिकन मराठी मिशनमध्ये आहेत. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले. ते आले अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातून, प्युरिटन परंपरेतून, म्हणजे शास्त्रात नाही ते उपासनेत नको म्हणणाऱ्या कडक पंथातून. तिथली उपासना कशी होती? मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 पासून 1681 पर्यंत नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड होता. शास्त्रात 25 डिसेंबर कुठे लिहिलाय, असं त्यांचं म्हणणं. वाद्यांचंही तसंच. 1713 मध्ये बॉस्टनच्या एका सद्गृहस्थाने मृत्युपत्रात आपला ऑर्गन आपल्या चर्चला दिला, तर त्या चर्चने तो घ्यायला चक्क नकार दिला. ऑर्गन गेला दुसऱ्या चर्चला. यानंतर बरोबर शंभर वर्षांनी हॉल आणि नॉट मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले.

म्हणजे हाच मजकूर तेव्हाच्या बॉस्टनमध्ये फिरला असता, तर त्यात गिटारच्या जागी ऑर्गन असता आणि शेवटी ‘नाताळ बंद करा’ असं लिहिलेलं असतं. आज आपण ऑर्गनवर नाताळाची गीतं म्हणतो आणि तिला जुनी परंपरा म्हणतो. म्हणावीच, ती आता आपली आहे. पण ती कुणीतरी बदल केल्यामुळे आपली झाली, हे विसरून कसं चालेल?

प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, ट्रेमधल्या चिमुकल्या पेल्या घ्या. आमच्याकडे करोनानंतर पेल्या कागदी आणल्या तेव्हा मंडळीतले एक ज्येष्ठ वडील रागावून उठले, ‘काचेच्या पेल्या ही आपली रीत आहे’ म्हणाले. त्यांचा राग खरा होता, कारण त्यांच्या आईने त्याच ट्रेमधून पहिलं प्रभुभोजन घेतलं होतं. पण वेगवेगळ्या पेल्यांची पद्धत अमेरिकेत 1890 च्या दशकात रोगजंतूंच्या धास्तीने सुरू झाली. त्याआधी शतकानुशतकं सगळे एकाच प्याल्याला ओठ लावत. आणि द्राक्षारसाच्या जागी न आंबवलेला रस आला तो 1869 नंतर, टॉमस वेल्च नावाच्या मेथोडिस्ट दंतवैद्याने तो टिकवायची युक्ती काढली म्हणून. मी त्या वडिलांशी वाद घातला नाही. काचेच्या पेल्या जपून ठेवल्यात, सणाला काढतो.

बापजाद्यांचं नाव घेऊन बदलाला विरोध करणाऱ्यांना मी नागपूरची आठवण करून देतो. 29 नोव्हेंबर 1970. त्या दिवशी सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे आपली सी.एन.आय., स्थापन झाली. कुणी बिशप मानणारे, कुणी न मानणारे. कुणी तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे, कुणी कळत्या वयात पाण्यात बुडवूनच देणारे. त्यांनी दोन्ही बाप्तिस्मे मान्य केले आणि एका मेजाभोवती बसले. गिटार आणायची की नाही यापेक्षा हा निर्णय किती पटींनी अवघड असेल! हे करणारे आपलेच वाडवडील.

दुसरा दावा वाद्यांचा. ‘गिटार हे सिनेमातलं वाद्य, देवाच्या घरात नको.’ नाताळच्या आदल्या रात्री दिवे मंद करून आपण जे ‘शांत रात्र’ गातो, ते पहिल्यांदा गायलं गेलं 24 डिसेंबर 1818 ला, ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये, गिटारच्या साथीवर. पेटी आपली आणि गिटार परकी, हेही खरं नाही. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये 1842 साली घेतलं गेलं. मांडी घालून हाताने भाता मारत वाजवायची पेटी घडली ती पुढे कोलकात्यात, द्वारकानाथ घोष यांच्या कारखान्यात. मी जिला माझी म्हणतो ती पेटीसुद्धा दीडशे वर्षांमागची पाहुणी. आणि स्तोत्रसंहितेचं शेवटचं, 150 वं स्तोत्र तर कर्णा, वीणा, डफ, तंतुवाद्यं, बासरी, झणझणणाऱ्या झांजा अशी यादीच देतं, वर नृत्यही सांगतं.

पण इथे मजकूर लिहिणाऱ्याच्या दुखण्यात थोडं तथ्य आहे, ते मी नाकारणार नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या तरुण संघाने कीबोर्ड आणि ड्रम सुरू केले. पहिल्याच रविवारी मी बाजूला उभा राहून बघत होतो. गीत जुनंच, सगळ्यांच्या तोंडचं. पोरांनी पट्टी घेतली होती काळी चार, म्हणजे बरीच उंच, कारण रेकॉर्डिंगमध्ये ती तशी होती. धृपद झालं, अंतरा वर चढला आणि तिसऱ्या बाकापासून मागे एकेक तोंड मिटत गेलं. शेवटच्या बाकावरच्या आजींनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. पुढे मात्र पोरं डोळे मिटून, मनापासून गात होती. त्यांना मागचं दिसतच नव्हतं.

पुढच्या शनिवारी तालमीला मी पेटी घेऊन गेलो. म्हटलं, खाली काळी दोनवर या, ड्रमच्या पाठीशी गोधडी टाका, आणि दोन ओळी वाद्यं थांबवून नुसते आवाज राहू द्या. पोरांनी ऐकलं. रविवारी त्या दोन ओळींना आजींचा आवाज आला, थोडा कापरा, पण अगदी सुरात. दोष ड्रमचा नव्हता, पट्टीचा होता. वाजवणारे मंडळीला गायला मदत करतात की मंडळीला श्रोते बनवून टाकतात, प्रश्न एवढाच असतो. आणि हा प्रश्न जुन्या ऑर्गनलाही विचारावा, कारण मंडळीला मागे टाकून धावणारे ऑर्गनवाले मी लहानपणी पाहिलेत.

तिसरा दावा मला सगळ्यात जास्त लागला: ‘टाळ, भजन, आरती हे दुसऱ्यांचं उचललेलं.’ कुणाचं, मामा? आपण काय इंग्लंडहून आलो? माझी आजी नेवाशाकडच्या खेड्यात वाढली. तिला अक्षर येत नव्हतं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं मात्र तिला ओळीने पाठ. जात्यावर, चुलीपुढे, शेतावर ती तेच गुणगुणायची. टाळ तिच्या माहेरचा, पितळी, दोरी काळी पडलेला; आता तो माझ्या पेटीच्या खोक्यात असतो. इंग्रजी चालीत बसवलेली भाषांतरित गीतं तिच्या तोंडी कधीच चढली नाहीत. अभंग आणि ओवी चढली, कारण ती तिच्या श्वासाच्या लांबीची होती. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तुकोबांनी बांधलेल्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते उघड सांगत. त्यांना हे उचललेलं वाटलं नाही, ते त्यांचं होतंच.

आणि हे टिळकांपासून सुरू झालं असंही नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाच्या धर्मगुरूने, ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली, ती 1616 मध्ये गोव्यात राशोलला छापली गेली. अकरा हजारांच्या आसपास ओव्या. गोव्याच्या चर्चांत त्या गायल्या जात. चारशे वर्षं झाली. इतकं जुनं असूनही त्याला ‘नवं खूळ’ म्हणायचं?

कॅथलिक मंडळींमध्येही हाच मजकूर फिरतो, फक्त तिथे ‘लॅटिन मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) परत आणा’ ही ओळ जादा असते. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1963 मध्ये लोकभाषेला दार उघडलं आणि 1969 मध्ये भारतीय बिशपांनी मागितलेले बारा बदल रोमने मंजूर केले. त्यात मांडी घालून बसणं, जोडे बाहेर काढणं, हात जोडून नमस्कार, दीप, आरती होतं. वसईतल्या माझ्या एका मित्राचे आजोबा आयुष्यभर लॅटिन प्रार्थना बिनचूक म्हणत आणि अर्थ विचारला की गप्प होत. मराठी मिस्सा सुरू झाल्यावर ते घरी येऊन म्हणाले, ‘आज फादर काय बोलतात ते समजलं.’ प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं तेच हे: न कळणाऱ्या भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा कळणारे पाच शब्द बरे.

उचललेलंच मोजायचं असेल तर घरातला नाताळचा सूचिपर्णी वृक्ष जर्मनीचा, आणि नवरीचा पांढरा पोशाख राणी व्हिक्टोरियाच्या 1840 च्या लग्नानंतर रुळलेला. त्यावर कुणी मजकूर लिहीत नाही. इंग्लंड-जर्मनीचं घेतलं तर परंपरा आणि पैठण-देहूचं घेतलं तर भेसळ, हा हिशेब मला मान्य नाही.

शास्त्राच्या भाषांतराबद्दल थोडक्यात. ‘जुनं बायबल’ म्हणजे कुठलं? विल्यम कॅरी या मिशनऱ्यांचा मराठी नवा करार बंगालमधल्या सेरामपूरला 1811 मध्ये छापला. अमेरिकन मिशनचा नवा करार 1826 मध्ये पुरा झाला. पुढेही सुधारणा होत राहिल्या. पंडिता रमाबाई संस्कृतच्या गाढ्या विदुषी. त्यांनी केडगावला म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं शास्त्र पुन्हा मराठीत आणलं, कशासाठी? तर त्यांच्या मुक्ती सदन आश्रमातल्या साध्या बायकांना कळावं म्हणून. खिळे जुळवले, छपाई केली ती तिथल्याच बायकांनी. याला ढवळाढवळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुलपिटावरच्या बायकांचं उत्तर रमाबाईंच्या या कामातच आलं. रिकाम्या कबरेची, म्हणजे ख्रिस्त उठल्याची, बातमी पहिल्यांदा बायकांनीच आणली तेही सगळ्यांना ठाऊक आहे. दक्षिण भारताच्या मंडळीत 2013 मध्ये पुष्पा ललिता बिशप झाल्या. तिथली मंडळी अजून उभी आहे.

राहिला तरुणांचा मुद्दा. आमच्या चर्चमधून गेल्या दहा वर्षांत गेलेली मुलं मला नावानिशी माहीत आहेत, त्यांतल्या बहुतेकांना मी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या धर्मवर्गात, शिकवलं. बहुतेक जण चाकण, पिंपरी, मुंबईला नोकरीला गेले. काहींना परीक्षेच्या काळात कुणी विचारलं नाही. एकाने मंडळीच्या हिशेबाबद्दल सभेत प्रश्न विचारला आणि त्याला ‘लहान आहेस, बस’ असं सांगितलं गेलं. तो परत आला नाही. गिटार आली म्हणून गेला असा एकही मला आठवत नाही. पलीकडच्या गावातल्या चर्चमध्ये चाळीस वर्षांत काहीही बदललेलं नाही, गीतांचा क्रमसुद्धा, आणि तिथे रविवारी मोजून अकरा माणसं असतात.

मामा, तुम्हाला जे हरवल्यासारखं वाटतं ते मला कळतं. पडद्यावर गीत आलं की तुमच्या हातातलं आजोबांचं पुस्तक निरुपयोगी होतं, आणि पडद्यावरची अक्षरं तुम्हाला दिसत नाहीत. हे आम्ही विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आता गीताचा पुस्तकातला क्रमांक आधी मोठ्याने सांगायचा, असं तरुण संघाशी ठरलंय. येत्या रविवारी दुसरं गीत टिळकांचं आहे. आजीचा टाळ घेऊन येतो, तुम्ही धरा. पट्टी खालचीच ठेवतो.