फाउंटन्स मठावर एकही तोफ डागली गेली नव्हती

गेल्या आठवड्यात एकच मजकूर मला तीन ग्रुपवर आला. आधी आमच्या थोरल्या दादाकडून, मग शाळेच्या बॅचकडून आणि शेवटी इथल्या, म्हणजे लीड्सच्या मराठी मंडळींकडून. सोबत एका भग्न, बिनछपराच्या इमारतीचा देखणा फोटो. मजकूर थोडक्यात असा:

‘इंग्लंडमधला फाउंटन्स अ‍ॅबी हा ९०० वर्षांपूर्वीचा मठ. १५३९ साली आठव्या हेन्रीच्या सैन्याने एका रात्रीत तोफा डागून तो पाडला आणि साधूंची कत्तल केली. आयुष्यभर मौन पाळणारे, पैशाला न शिवणारे हे साधू प्रार्थना करतानाच मारले गेले. काही जण भुयारातून निसटले. त्यानंतर आजपर्यंत इंग्रजांनी तिथला एक दगडही हलू दिलेला नाही. आणि आपण? आपण रायगडावर बदाम कोरतो. लाज वाटली तर पुढे पाठवा.’

लाज वाटली नाही, पण राहवलंही नाही. हा मठ आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर आहे. भारतातून कोणीही पाहुणे आले की दुसऱ्या शनिवारी त्यांना तिथे न्यायचं हे ठरलेलं असतं, त्यामुळे तिथली वाट, माहितीफलक आणि चहाचं दुकान मला पाठ आहे. म्हणून एकेक दावा घेतो.

‘एका रात्रीत तोफा डागून पाडला, साधूंची कत्तल केली.’

तोफा नाहीत, रात्र नाही आणि कत्तलही नाही. राजा आठवा हेन्री तेव्हा इंग्लंडमधले मठ एकेक करून बंद करत होता आणि त्यांची मालमत्ता ताब्यात घेत होता. २६ नोव्हेंबर १५३९ रोजी मठाधिपती मार्मड्यूक ब्रॅडली आणि तीसेक साधू यांनी मठ राजाच्या स्वाधीन केल्याच्या कागदावर सह्या केल्या. बदल्यात त्यांना पेन्शन मिळाली. मठाधिपतीला वर्षाला १०० पौंड, म्हणजे तेव्हाची भरभक्कम रक्कम, आणि बाकीच्यांना प्रत्येकी त्याहून बरीच कमी. सगळा मामला मामलेदार कचेरीत शोभेल असा.

यात जबरदस्ती नव्हती असं मात्र मी म्हणणार नाही. याच मठाचे आधीचे प्रमुख विल्यम थर्स्क यांना उत्तरेतल्या बंडात सामील असल्याच्या आरोपावरून १५३७ मध्ये लंडनला देहदंड झाला होता. आणि फाउंटन्सच्या सह्यांच्या अकराच दिवस आधी, १५ नोव्हेंबरला, ग्लास्टनबरीच्या वयोवृद्ध मठाधिपतीला गावाबाहेरच्या टेकडीवर नेऊन फासावर चढवलं होतं. अशी बातमी कानावर आल्यावर कोण सही करायला नकार देईल? तेव्हा फॉरवर्ड लिहिणाऱ्याला दहशत दिसली ते बरोबर, पण तिची रीत त्याला कळली नाही.

आणि हो, या मठावर एकदा जमावाने खरोखर हल्ला करून आग लावली होती. पण ते ११४७ च्या सुमारास, हेन्रीच्या जवळजवळ चारशे वर्षं आधी, आणि कारण काय, तर यॉर्कचा आर्चबिशप कोणी व्हायचं यावरून चाललेलं भांडण.

मग मठ असा भग्न झाला कशाने? माझ्या मते फॉरवर्डमधली खरी चूक इथे आहे. उत्तर आहे शिसं.

या मठांच्या छपरांवर शिशाचे पत्रे असत. शिसं महाग, वितळवायला सोपं आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारं. राजाच्या अधिकाऱ्यांनी मठ ताब्यात घेतले की आधी पंचनामा व्हायचा: घंटा किती, चांदीची भांडी किती, काचा किती, छपरावर शिसं किती. मग पत्रे उतरवायचे, तिथेच भट्टी लावून वितळवायचे, त्याच्या लगडी पाडायच्या आणि त्यावर राजाचा शिक्का मारायचा. फाउंटन्सपासून फार लांब नसलेल्या रीव्हो नावाच्या मठात अशा काही लगडी कोसळलेल्या दगडांखाली अडकून राहिल्या. विसाव्या शतकात उत्खनन करणाऱ्यांना त्या शिक्क्यासकट मिळाल्या, आणि ते शिसं पुढे यॉर्कच्या कॅथीड्रलमधल्या एका प्रसिद्ध जुन्या खिडकीच्या काचा नव्याने बसवायला वापरलं गेलं. एका देवळाचं छप्पर चारशे वर्षांनी दुसऱ्या देवळाच्या खिडकीत! मला मठाच्या सगळ्या इतिहासात हा तपशील सर्वांत जास्त आवडतो.

छप्पर गेलं की उरलेलं काम पाऊस करतो. या भिंती बाहेरून अखंड दगडी वाटतात, पण दोन बाजूंना घडीव दगड आणि मध्ये चुन्यात कालवलेला दगडगोट्यांचा भराव अशी त्यांची रचना असते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या भिंती पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. वरून झाकण निघालं की पाणी भरावात उतरतं. यॉर्कशरच्या हिवाळ्यात ते गोठतं, फुगतं आणि घडीव दगडांना आतून बाहेर ढकलतं. वसंतात वितळतं, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. कोणी हातोडा न उचलताही शे-दोनशे वर्षांत कमानी खाली येतात. हातोडे उचलणारेही होतेच. त्यांच्याकडे येतो, पण त्याआधी साधू.

‘आयुष्यभर मौन पाळणारे, पैशाला न शिवणारे.’

सुरुवात खरोखर अशीच होती. ११३२ मध्ये यॉर्कच्या एका सुखवस्तू मठातले १३ साधू ‘इथे नियम पाळले जात नाहीत’ म्हणून भांडून बाहेर पडले. आर्चबिशपने त्यांना स्केल नावाच्या छोट्या नदीच्या खोऱ्यातली झाडाझुडपांची, दगडधोंड्यांची जागा दिली. पहिला हिवाळा त्यांनी झाडांच्या आडोशाला काढला असं सांगतात. पुढे ते सिस्टर्शियन पंथात गेले. न रंगवलेल्या लोकरीचा पांढरा झगा, साधं जेवण, ठरलेल्या वेळी मौन आणि हाताने काम.

गोम त्या कामातच आहे. पंथात कष्टकरी बंधूंचा वेगळा वर्ग होता. त्यांनी व्रतं घेतलेली, पण ते बहुतेक निरक्षर. प्रार्थना थोडी, शेती, मेंढ्या आणि बांधकाम जास्त. मठाच्या पश्चिम बाजूची जी लांबलचक इमारत बघून प्रत्येक पाहुणा ‘बापरे’ म्हणतो, ती त्यांची. जवळजवळ ३०० फूट लांब, खाली कोठार आणि त्यांची भोजनशाळा, वर झोपायची जागा. खालच्या दालनाची कमानदार छतं आजही शाबूत आहेत. खांबांना वर टोप्याच नाहीत, ते जमिनीतून उगवून ताडाच्या झावळ्यांसारखे सरळ छतात पसरतात. आत आवाज घुमतो. आमच्या आत्याने तिथे ‘सुखकर्ता’ची एक ओळ म्हणून पाहिली होती आणि स्वतःच दचकली होती.

या बंधूंच्या जोरावर मठाच्या मेंढ्यांचे कळप यॉर्कशरभर पसरले आणि इथली लोकर इटलीचे व्यापारी घेऊ लागले. तीसुद्धा कशी? आपल्याकडे उभ्या पिकाचा सौदा होतो तशी, पुढच्या कित्येक वर्षांची लोकर आगाऊ विकून. मग रोगाने मेंढ्या मेल्या, सौदे अंगाशी आले आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस मठ इतका कर्जात बुडाला की राजाला कारभार बघायला आपला माणूस बसवावा लागला. तरीही शेवटी, मठ बंद झाला तेव्हा, फाउंटन्स हा इंग्लंडमधला सर्वांत श्रीमंत सिस्टर्शियन मठ होता. पंथाचे सुरुवातीचे नियम उंच मनोऱ्यांच्या विरोधात होते, पण इथे ह्यूबी नावाच्या मठाधिपतीने मठ बंद होण्याच्या काही वर्षं आधी दीडशे फुटांहून उंच मनोरा बांधला. तो आजही उभा आहे. पैशाला न शिवणाऱ्यांचं हे लक्षण नव्हे.

यात निंदा नाही. उलट मला ते साधू इथेच माणसं वाटतात. त्यांची ऊब घेण्याची खोली आवर्जून पाहा. रात्री दोनच्या सुमारास उठून थंडगार चर्चमध्ये प्रार्थनेला उभं राहणाऱ्यांना शेक घेण्यासाठीची ही जागा. इथे दोन शेकोट्या होत्या, एक पुढे बुजवली. उरलेलीच्या तोंडात आपली एखादी छोटी मोटार सहज मावेल. एवढ्या रुंद तोंडावर एका दगडाची तुळई टाकणं शक्य नव्हतं, म्हणून दगड एकमेकांत दाते घालून अडकवलेत, तेही कमान न करता सरळ आडव्या रेषेत. खाली उभं राहून वर बघितलं की ते नागमोडी सांधे दिसतात. आठशे वर्षं झाली, दगड घसरलेले नाहीत.

‘काही भुयारातून निसटले.’

पेन्शनची सही करून निसटायचं कशाला? जमिनीखाली बोगदे आहेत हे खरं, पण ते पाण्याचे. साधूंनी इमारतीचा काही भाग नदीवरच बांधला आणि खालून स्केलला दगडी बोगद्यांतून वाट करून दिली. शौचकूप त्या पाण्यावर होते. जिथे जुना मठ तिथे गुप्त भुयार, ही समजूत इंग्लंडभर आहे आणि बहुतेक ठिकाणी ते भुयार म्हणजे गटारच निघतं.

‘एक दगडही हलू दिला नाही, जसाच्या तसा जपला.’

आता हातोडे. हेन्रीने ही मालमत्ता १५४० मध्ये सर रिचर्ड ग्रेशम या लंडनच्या व्यापाऱ्याला विकली. पुढे ती स्टीव्हन प्रॉक्टर नावाच्या गृहस्थाकडे गेली. त्याने १६०० च्या आसपास मठाच्या फाटकालगतच स्वतःची हवेली उठवली आणि त्यात मठाचेच घडीव दगड वापरले. हवेली आजही तिथे आहे, सुंदर आहे, जाता-येता दिसते. एक दगड हलला नाही म्हणणाऱ्याने तिच्याकडे बघितलं तरी पुरे.

शेजारची जमीन जॉन एझलबी या अर्थमंत्र्याची. १७२० मध्ये साउथ सी कंपनीच्या शेअरचा फुगा फुटला, त्या घोटाळ्यात तो सापडला आणि पुढच्या वर्षी संसदेतून हाकलला गेला. मग घरी बसून त्याने तळी, कालवे आणि पुतळ्यांची मोठी जलबाग केली. त्याच्या मुलाने, विल्यमने, १७६७ मध्ये शेजारचा भग्न मठ विकत घेतला. कशासाठी, तर बागेत फिरताना शेवटी नजरेला पडायला एक अवशेष हवा म्हणून! त्याने मठातला पडझडीचा ढिगारा साफ केला, उरल्यासुरल्या काही गोष्टी काढून टाकल्या, आत झाडं-फुलं लावली. त्या काळातल्या विल्यम गिल्पिन या निसर्गदृश्यांच्या शौकीन पाद्र्याने त्याबद्दल त्याला बराच झोडपलाही होता. बागेतल्या एका वळणावर मठ अचानक समोर येतो ती जागा मुद्दाम रचलेली आहे. तिथल्या बाकाला अ‍ॅन बुलिनचं नाव आहे. जिचा हेन्रीने शिरच्छेद करवला ती ही राणी.

म्हणजे फोटोत दिसणारी ती मऊ हिरवळ, नेटक्या भिंती आणि नदीचं वळण ही मध्ययुगाची देन नाही, अठराव्या शतकातल्या एका बागेची सजावट आहे. खरी निगा राखली जाऊ लागली ती फार उशिरा. १९६६ मध्ये जागा स्थानिक काउंटी कौन्सिलने घेतली, १९८३ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली, १९८६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. आज तिथे भिंतींच्या माथ्यावर चुन्याचा लेप देणारे कारागीर दिसतात. त्यांचं कौतुक जरूर करा. पण ते पाचशे वर्षांचं काम नव्हे.

‘आणि आपण? आपण रायगडावर बदाम कोरतो.’

बदाम कोरू नयेत, यावर वाद नाही. इंग्लंडमधल्या अशा अवशेषांच्या भिंतींवरही जुन्या पर्यटकांनी साल घालून कोरलेली नावं सर्रास सापडतात, हे जाता जाता.

पण उदाहरण निवडताना लिहिणाऱ्याने कमालच केली. फाउंटन्सवर तोफा डागल्या गेल्या नव्हत्या, रायगडावर मात्र डागल्या गेल्या. मे १८१८ मध्ये, आणि त्या इंग्रजांनी. गडावरचे वाडे त्या माऱ्यात जळाले, १० मे रोजी गड पडला. २०२५ मध्ये जागतिक वारशात गेलेल्या १२ मराठा किल्ल्यांत रायगड आहे. त्याची तुलना हेन्रीच्या मठाशी करायची तर आधी कोणी काय पाडलं याचा हिशेब तरी सरळ ठेवावा.

तुलनाच करायची असेल तर जुन्या गोव्याला जा. सेंट ऑगस्टिनचा तो अर्धा मनोरा, ४६ मीटर उंच. पोर्तुगीज सरकारने १८३५ मध्ये तिथल्या साधूंना बाहेर काढलं. देखभाल थांबली, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. इथली मोठी घंटा आज पणजीच्या चर्चवर आहे, पायऱ्या चढून वर बघितलं की दिसते. सरकारी हुकूम, मग गळकं छत, मग पाऊस. क्रम फाउंटन्सचाच, फक्त तीनशे वर्षं उशिरा आणि गोठणाऱ्या पाण्याऐवजी कोकणी पावसाने. जुन्या गोव्यातली चर्चं आणि मठही १९८६ मध्येच जागतिक वारसा झाले, फाउंटन्सच्याच वर्षी.

हे सगळं मी दादाला लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, ‘बरं, पण फोटो तर छान आहे ना?’

छान आहे. पण तोही फाउंटन्सचा नाही. मनोरा नाही आणि भिंतीत खिडकीची भलीमोठी रिकामी चौकट, म्हणजे तो वाय नदीकाठचा टिंटर्न मठ. तो १५३६ मध्ये बंद झाला आणि आहे वेल्समध्ये.