वंशावळ आणि वळण

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘खानदानीपणा रक्तातून नव्हे, वळणातून येतो’ हे माझं म्हणणं तुम्हाला भाबडं वाटलं. घोडे-कुत्री पाळणाऱ्या कुणालाही विचारा, खाण तशी माती हेच तो सांगेल आणि माणूस काही त्याला अपवाद नाही, असं तुम्ही लिहिलंत. शेवटी विचारलंत, “मग पिल्लू घेताना वंशावळ बघायचीच नाही का?” प्रश्न रास्त आहे.

जनावरांत रक्ताला वजन आहे, हे मी नाकारत नाही. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची नराकडची परंपरा तीनच घोड्यांपर्यंत जाते, आणि इंग्लंडमध्ये त्यांच्या वंशाची नोंदवही १७९१ पासून छापली जाते. तुमच्या बाजूचं याहून भक्कम उदाहरण मीच देतो. सोव्हिएत आनुवंशिकीतज्ज्ञ द्मित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये सायबेरियात चंदेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. माणसाला न बुजणारे तेवढेच कोल्हे पैदाशीसाठी निवडायचे, बाकी काही बघायचं नाही. काही पिढ्यांतच माणूस दिसला की शेपूट हलवणारी पिल्लं जन्मू लागली. म्हणजे स्वभावही वारशाने उतरतो. पण केव्हा? कुणी पिढ्यानपिढ्या नेमका तोच निवडला तर.

आता सांगा, माणसांच्या कुठल्या घराण्यात सौजन्य बघून सोयरिकी झाल्या? बघितली गेली ती जमीन, पैसा, मानमरातब. युरोपातल्या हाब्सबुर्ग घराण्याने सत्ता घरातच राहावी म्हणून नात्यातच लग्नं लावली. याच घराण्यातला स्पेनचा राजा दुसरा कार्लोस (१६६१–१७००) मामा-भाचीच्या लग्नातून जन्मला. जबडा असा की घास नीट चावता येत नसे. निपुत्रिक गेला आणि त्याच्या गादीसाठी युरोपभर युद्ध पेटलं. वंशावळ मात्र निर्दोष होती!

कुत्र्यांतही जात तुम्ही म्हणता तितकं सांगत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती तपासली. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीमुळे पडणारा फरक सुमारे ९ टक्के निघाला. बाकीच्यात संगोपन आहे, अनुभव आहे, त्या एकेका जिवाची आनुवंशिक घडणही आहे.

मी कशाला वळण म्हणतो, ते पिल्लांच्या मस्तीत दिसतं. खेळताना एकाने जोरात चावा घेतला की दुसरं केकाटतं आणि खेळ थांबतो. असं पुन्हापुन्हा होत गेलं की दात किती लावायचे हे पिल्लाला कळतं. आईपासून आणि भावंडांपासून फार लवकर तोडलेल्या पिल्लाचं हे शिक्षण बरेचदा अर्धवट राहतं. नीट वाढलेला दांडगा कुत्रा लहानग्याशी खेळताना आपण होऊन उताणा पडतो, पळताना वेग कमी करतो. अंगात बळ आहे, पण समोरच्याला सोसेल इतकंच तो वापरतो. मला हे फार मोलाचं वाटतं. माणसांतही मी हेच शोधतो. अडखळत बोलणाऱ्याचं वाक्य न तोडता ऐकून घेणारा. वादात समोरचा हरतोय हे दिसल्यावर आवाज खाली आणणारा. हाताखालच्या माणसाची चूक चारचौघांत न काढणारा. अशी माणसं मला नामांकित घरांत भेटली, तशी जिथे आजोबांचं नावही धड कुणाला ठाऊक नाही अशा घरांतही भेटली. आणि उत्तम घराण्यातले, पाहुण्यांसमोर अदबीने बोलून नोकरावर खेकसणारेही पाहिले. तुम्ही त्याला ‘अपवाद’ म्हणाल. मला ते वळणाचंच अपयश दिसतं, कारण त्या घरातल्या मुलांनी तेच बघितलेलं असतं.

तर पिल्लाबद्दल. वंशावळ जरूर बघा, पण आजारांसाठी. डाल्मेशियनमध्ये मूतखड्याचा दोष जातीतच पसरलेला आहे. चपट्या तोंडाच्या जातींना श्वासाचा त्रास असतो. आई-बापांच्या तपासण्या झाल्यात का, हे विचारा. मग पिल्लाच्या आईला प्रत्यक्ष भेटा. ती अनोळखी माणसाला कशी सामोरी जाते, पिल्लं माणसांच्या वावरात वाढताहेत की कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात, ते पाहा. आठ आठवड्यांच्या आत कुणी देऊ करत असेल, तर कागद कितीही चोख असले तरी घेऊ नका.