‘जुना मिस्त्री’ यांना उत्तर: चालू गाडीवर बॅटरी काढू नका

नमस्कार.

गाडीची बॅटरी बदलल्यावर काय काय करावं लागतं, या माझ्या लेखाखाली ‘जुना मिस्त्री’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ती मी तीन वेळा वाचली. दोन ओळींत आभार मानून सोडून द्यावी असं आधी वाटलं होतं, पण ते जमलं नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचं पहिलं वाक्य जसंच्या तसं देते: “ताई, पाना कधी हातात धरलाय का, पुस्तकातलं उतरवून लोकांना घाबरवू नका, गाडी चालू ठेवून बॅटरी बदलली की काच, घड्याळ, टेप काही सेट करावं लागत नाही, वीस वर्षं हेच करतोय.” त्यापुढे तीन मुद्दे आहेत. सगळ्या गाड्यांना दहाचाच (दहा मिलिमीटरचा) पाना लागत नाही. आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं संथ फिरणं, बिघडलं तरी दोन दिवस गाडी चालवली की आपोआप जागेवर येतं. आणि स्टार्ट-स्टॉपच्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या, गाडीलाही साधी बॅटरी चालते.

पान्याबद्दल तुमचं बरोबर आहे, मान्य करते. टर्मिनलच्या क्लॅम्पला बऱ्याच गाड्यांत दहाचा लागतो, पण बॅटरी खाली धरून ठेवणाऱ्या पट्टीला कुठे बाराचा, तर कुठे तेराचा. मी सरसकट दहाचा लिहायला नको होतं.

आता पहिल्या वाक्याकडे येते. पाना हातात धरलाय का, हा प्रश्न तुम्ही लेख पुरुषाच्या नावाने आला असता तर विचारला असता का? माझ्या लेखातली कुठली पायरी चुकली ते तुम्ही दाखवलेलं नाही. निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी लावा, असं मी लिहिलं होतं, कारण पॉझिटिव्हवर पाना फिरवताना तो बॉडीला टेकला तरी मग शॉर्ट होत नाही. हे चूक आहे का? बॅटरी काढली की गाडी काही सेटिंग विसरते, म्हणून नवी बॅटरी लावल्यावर एसी बंद ठेवून दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवा, काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच ओढून धरा, स्टिअरिंगचा दिवा लागला तर ते एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, असंही लिहिलं होतं. यात घाबरवण्यासारखं काय आहे? किल्ली गाडीच्या आत ठेवून दार लावू नका, हेसुद्धा घाबरवणं झालं का? बॅटरी काढल्यावर रिमोट चालत नाही, आणि पार्किंगमध्ये काच फोडायची वेळ आलेले लोक मी पाहिले आहेत.

पाना म्हणाल तर ऐका. सांगलीत माझ्या वडिलांचं वायरिंगचं आणि बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. दुकानाच्या मागच्या खोलीत फळीवर बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला लागलेल्या असायच्या, आणि शाळेतून आल्यावर एकेका सेलचं झाकण उघडून हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, बघायचं काम माझं होतं; ती जास्त तर बॅटरी भरलेली. १२५० च्या वर असेल तर खडूने बरोबरची खूण, ११५० च्या आसपास रेंगाळत असेल तर फुली. माझ्या फ्रॉकला भोकं पडायची. ॲसिड उडालेलं त्या दिवशी कळायचं नाही. आई कपडे धुवायला घ्यायची तेव्हा तेवढी जागा हातात यायची. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा फुलोरा गरम पाण्याने धुऊन त्यावर व्हॅसलीन लावायला मी पाचवीत शिकले. पुस्तकातून नाही.

आणि चालू गाडीवर बॅटरी काढायची नाही, हा नियमही मला त्याच दुकानात मिळाला. उसाचा हंगाम होता. कारखान्याकडे निघालेला एक ट्रक रात्री दुकानापुढे थांबला. ट्रकला बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, म्हणजे चोवीस व्होल्ट. ड्रायव्हरला घाई होती, म्हणून अण्णांनी इंजिन बंद न करताच केबल सोडवली. जुन्या डायनॅमोच्या जमान्यात ते असं करायचे आणि खपून जायचं. या ट्रकला डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर होता, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणारं नव्या पद्धतीचं यंत्र. त्याची डायोड प्लेट, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडची पट्टी, जागेवर जळून गेली. नवी प्लेट अण्णांनी स्वतःच्या खिशातून घालून दिली, आणि त्यानंतर दुकान बंद होईपर्यंत इंजिन चालू असताना कुणाला केबलला हात लावू दिला नाही. तेही मिस्त्रीच होते.

असं का होतं ते लेखात मी दोनच ओळींत उरकलं होतं. इथे सविस्तर सांगते. अल्टरनेटर चार्ज करत असतो तेव्हा साधारण चौदा व्होल्ट देतो, आणि त्यातला करंट बॅटरी पीत असते. बॅटरी अचानक बाजूला झाली की तो करंट जायला जागा उरत नाही. व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरला हे कळतं, पण अल्टरनेटरच्या फिरत्या कॉइलमधलं चुंबकत्व एका क्षणात उतरत नाही. ते उतरेपर्यंत, म्हणजे सेकंदाचा काही भाग, व्होल्टेज वर चढतं. इंजिनिअर याला लोड डंप म्हणतात. आवर घालणारे डायोड नसतील तर बारा व्होल्टच्या गाडीत हा झटका किती धरून चाचणी घ्यावी, याचा आंतरराष्ट्रीय मानकातला आकडा ७९ ते १०१ व्होल्ट आहे. बारा व्होल्टच्या गाडीत शंभर! हल्लीच्या अल्टरनेटरमध्ये असे डायोड बहुधा असतात, आणि ते हा झटका पस्तीस व्होल्टच्या आसपास अडवतात. तुमची वीस वर्षं निभावली, त्यामागे हे डायोड असणार.

पण पस्तीस व्होल्ट सोसणं हे काही गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलच्या डब्यांचं रोजचं काम नाही. शिवाय बॅटरी बदलायची वेळ येते तेव्हा बऱ्याचदा ती उतरलेली असते. धक्का मारून किंवा दुसऱ्या गाडीवरून जोडून इंजिन चालू केलेलं असतं, आणि अशी उतरलेली बॅटरी अल्टरनेटरकडून सगळ्यात जास्त करंट ओढत असते. म्हणजे तुम्ही नेमकी सगळ्यात वाईट वेळ निवडता.

वीस वर्षांचा अनुभव मी नाकारत नाही. पण त्या वीस वर्षांत गाडी तीच राहिली का? जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाडीत झटका बसून बिघडण्यासारखं होतं काय? हॉर्न, दिवे, फार तर टेप. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सगळ्यात स्वस्त नव्या कारमध्येसुद्धा चालकाची एअरबॅग, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. इंजिनाचा कंट्रोलचा डबा वेगळा, एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) वेगळा, स्टिअरिंगचा वेगळा. आणि हे सगळे तुम्ही सोडवता त्याच केबलवर बसलेले असतात.

हे मी स्वतः भोगलं आहे. चार वर्षांपूर्वी कराडच्या अलीकडे हायवेवर सेल्फ उचलेना. गाडी धक्का मारून चालू केली आणि जवळच्या एका दुकानात नेली. मी म्हणत होते, बंद करा आणि मग काढा. तो म्हणाला, “मॅडम, बंद केली तर सगळं सेटिंग जाईल.” तुमचंच वाक्य! त्याने केबल उचलली, मीटरमधले सगळे दिवे एकदम भपकन लागले आणि विझले. गाडी चालत होती, पण स्टिअरिंग दगडासारखं झालं होतं. पाऊस, रात्र, आणि शेजारी बसलेली सत्तरीची आई. घरापर्यंत दोन्ही हातांनी ते वळवत आणलं. दुसऱ्या दिवशी गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर लावला, तेव्हा पॉवर स्टिअरिंगचा कंट्रोलर गेल्याचं निघालं. बिल साडेअकरा हजार. घड्याळ सेट करायचे दोन मिनिट वाचवले त्याची ही किंमत. त्या दुकानाचं नाव मी लेखात लिहिलं नव्हतं आणि इथेही लिहिणार नाही, कारण तो माणूस वाईट नव्हता. त्याला कुणीतरी तसंच शिकवलं होतं. पण तुम्ही ते आता शेकडो लोकांसमोर शिकवताय, आणि वर मला म्हणताय की मी घाबरवते.

बाकीच्या मुद्द्यांवर फार बोलत नाही. आयडलिंग आपोआप जागेवर येत असेलही, पण येईपर्यंत सिग्नलला गाडी बंद पडते तेव्हा मागचा हॉर्न मारत असतो. त्यापेक्षा बॅटरी लावल्यावर गाडी नुसती चालू ठेवून दहा मिनिटं थांबलेलं बरं, एवढंच माझं म्हणणं. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार चालू-बंद सोसणारी खास बॅटरीच लागते. निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरीवर नजर ठेवणारा सेन्सर असेल तर नवी बॅटरी बसवल्याचं बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने कळवावंही लागतं. साधी बॅटरी काही महिने चालून जाते, म्हणून ती चालते असं होत नाही. यावर वाद घालायची माझी इच्छा नाही.

तुमची प्रतिक्रिया काढून टाका, असं दोघांनी मला सुचवलं. मी काढणार नाही. पण यापुढे ‘गाडी चालू ठेवून बदला’ असं कुणाला सांगाल, तेव्हा ती गाडी कोणती आणि कोणत्या सालची, हेही लिहा. आणि काही जळलं तर अण्णांसारखं भरून द्यायची तुमची तयारी आहे का, तेही लिहा.

दहाच्या पान्याची ओळ आज सकाळी दुरुस्त केली आहे.