टकटकणाऱ्या इंजिनात रॉकेल ओतू नका

‘लाखावर किलोमीटर झालेली गाडी टकटक करते? अर्धा लिटर रॉकेल ओतून दहा मिनिटं इंजिन चालवा, मग 20डब्ल्यू-50 हे जाड तेल भरा. महागडं पेट्रोल टाका. तेलाचा दिवा लुकलुकला तर सेन्सर गेलाय, लक्ष देऊ नका.’ हा फॉरवर्ड वाचून आमचे मामा रॉकेल शोधायला निघाले, म्हणून हे लिहावं लागतंय.

जाड तेल आणि महागड्या पेट्रोलने पैसे जातील, रॉकेलने इंजिन जाईल. आवाज कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा असेल, तर शेल (बेअरिंगची पातळ वाटी) आणि क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) यांच्यामधला तेलाचा थर आधीच तुटत असतो. साडेतीन लिटर तेलात अर्धा लिटर रॉकेल म्हणजे आठवा हिस्सा. तेल पातळ होऊन उरलासुरला थरही जातो. शिवाय वर्षानुवर्षं साचलेला काळा गाळ एकदम सुटतो आणि इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसतो. मग पंप तेल ओढणार कुठून?

दिव्याबद्दलचा सल्ला तितकाच घातक. बहुतेक गाड्यांत तेलाचा दाब अर्ध्या बारच्या खाली गेल्यावरच तो दिवा लागतो. लुकलुकला की इंजिन बंद करा, डिपस्टिकने (तेलाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीने) तेल पाहा. तेल पुरेसं असेल तर दिव्याचा प्रेशर स्विच काढून तिथे काट्याचा गेज लावून घ्या आणि गरम इंजिनवर दाब मोजा. ढोबळ हिशेब हजार आरपीएममागे (मिनिटाला हजार फेऱ्यांमागे) 10 पीएसआय, पण खरा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच.

जाड तेलाने आवाज दबतो, हे मान्य करावं लागेल. एसएई जे300 या मानकानुसार 100 अंश सेल्सिअसला 30 ग्रेडचं तेल 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक (दाटपणाचं माप) असतं, 50 ग्रेडचं 16.3 ते 21.9. म्हणजे जवळजवळ दुप्पट दाट. पण झिजलेली फट तेवढीच राहते, आणि थंड इंजिनात वरच्या टॅपेटपर्यंत (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागापर्यंत) तेल पोचायला उशीर होतो. मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर एक ग्रेड वर जा, त्यापुढे नको.

महागडं पेट्रोल फक्त एका आवाजावर चालतं: वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर चढ चढताना येणारी खडखड. आता पंपावरच्या ई20चा (20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा) ऑक्टेन, म्हणजे अशी खडखड रोखायची क्षमता, 95 आहेच; तरीही खडखड येत असेल तर साचलेला कार्बन, ठिणगीचं टायमिंग आणि खडखड ओळखणारा नॉक सेन्सर तपासा.

मुळात आवाज कुठला, हे कुणी विचारतच नाही! हलकी टिकटिक क्रँकच्या निम्म्या वेगाने येत असेल तर टॅपेट. फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सेटिंग करून काम भागतं. थंडपणी ठोकून गरम झाल्यावर विरणारा आवाज बहुधा पिस्टनचा. त्यावर गाडी बराच काळ चालते. गरम इंजिनवर दोन-अडीच हजार आरपीएमला, ॲक्सिलरेटर सोडताना ठणठणीत ठोके आले तर रॉडचं बेअरिंग. खात्रीसाठी एकेका इंजेक्टरचा प्लग क्षणभर काढा. ज्या सिलिंडरला ठोका मंदावतो, दोष तिथे. ठिणगी देणारी कॉइल काढू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं.

त्याआधी बाहेरचा पट्टा काढून अर्धा मिनिट इंजिन चालवा. आवाज थांबला तर दोष अल्टरनेटर, पट्टा ताणणारा टेन्शनर किंवा एसी कॉम्प्रेसरकडे.

शेवटी तेलाचा जुना फिल्टर कापून कागद उलगडा. चुंबकाला न चिकटणारी चंदेरी-तांबूस चमक दिसली तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. क्रँकवर ओरखडे नसतील तर शेल बदलून भागतं. ओरखडे आले की क्रँक ग्राइंडिंग आणि घासलेल्या क्रँकला बसणारे अंडरसाइझ शेल, आणि रॉड तुटून ब्लॉकबाहेर आला तर दुसरं इंजिनच शोधावं लागतं.